सात घरांचे अंगण : पाचोळ्यासाठी हत्यारे निवडतानाच्या नोंदी

१८ जानेवारी २०२५, शनिवार

बदामाची पाने लाल पडू लागली. आता अंगणात पाऊल टाकावे तिथे चुरचुर होणार. यंदा सातही घरांनी मिळून पाचोळ्याचे काम नीट बसवायचे ठरवले आहे आणि साधने निवडण्याचे काम मी मागून घेतले आहे. खर्च सात घरांत सारखा. काय घेतले, काय नाकारले आणि का, हे पुढच्या वर्षी कुणालाही वाचता यावे म्हणून ही वही.

आधी जागेविषयी. नवी मुंबईत सीबीडी बेलापूरचे आर्टिस्ट व्हिलेज, पारसिकच्या डोंगराच्या पायथ्याशी. वास्तुरचनाकार चार्ल्स कोरियांनी १९८०च्या दशकात आखलेली वसाहत. सात-सात घरे एका सामाईक अंगणाभोवती, अंगण साधारण ८ मीटर बाय ८ मीटर. अशी तीन अंगणे मिळून २१ घरांची एक मोठी मोकळी जागा. आमच्या अंगणाच्या कोपऱ्यात देशी बदाम आहे, घरांच्या मागे आंबे आणि नारळ, आणि बाहेर रस्त्यावर मोठा रेन ट्री. त्याच्या फांद्या आमच्या कौलांवर आल्या आहेत. अंगणात मधोमध पेव्हर ब्लॉक, कडेने माती, एका बाजूला जाळी टाकलेले गटार.

दोन घरांतल्या मुलांनी ऑनलाइन ब्लोअर, म्हणजे हवेच्या झोताने पाने लोटणारे यंत्र, शोधूनही ठेवला आहे. मी म्हटले, आधी जमीन आणि झाडे बघू, मग यंत्राचे बोलू.

१९ जानेवारी, रविवार

खडूने अंगणाचा नकाशा काढला. प्रश्न एकच ठेवला : कुठली पाने काढलीच पाहिजेत?

पेव्हरवरची काढलीच पाहिजेत. पहाटे दव पडते, ओल्या पानांवरून पाय सरकतो आणि समोरच्या घरातल्या आजी काठी टेकत देवळात जातात. गटाराच्या जाळीवरची आणि पन्हळीतली काढायची. कुंपणाच्या भिंतीलगत साचणारा ढीग तर अजिबात राहू द्यायचा नाही. डोंगर जवळ आहे, वाळक्या पानांत घोणस पडली असेल तर ती नजरेला येत नाही. विंचू निराळेच.

आंब्याखालची पाने मात्र राहू द्यायची. चार बोटे जाडीचा थर, बुंध्यापासून वीतभर दूर. ओल टिकते, तण कमी उगवते आणि आंब्याचे पान आंब्याच्याच मुळांना मिळते. झाडाखालची माती झाडून चकचकीत करण्याची आपल्याकडची सवय मला कधीच पटलेली नाही. उघडी माती उन्हाने तापते आणि पहिल्या पावसात वाहून जाते.

एवढ्यानेच काम जवळपास निम्म्यावर आले, आणि अजून एक रुपयाही खर्च झालेला नाही.

वाऱ्याचीही नोंद ठेवते. या दिवसांत सकाळी हवा जवळजवळ स्तब्ध असते. दुपारनंतर समुद्राकडून पश्चिमेचा वारा सुटतो आणि सगळी पाने पूर्वेच्या भिंतीशी नेऊन लावतो. म्हणून झाडण्याची वेळ सकाळची आणि ढीग लावण्याची जागा पूर्वेची. वाऱ्याच्या विरुद्ध पाने ओढायला कुणालाही लावायचे नाही.

२६ जानेवारी, रविवार

झेंडावंदन झाल्यावर सगळे अंगणातच होते, तेव्हा विषय काढला. पाने गोळा केली, पुढे न्यायची कुठे?

एक काका म्हणाले, कोपऱ्यात पेटवून द्या, दहा मिनिटांत राख. मी ठाम नाही म्हटले. घनकचऱ्याच्या नियमांप्रमाणे बागेतला कचरा वेगळा साठवून महापालिका सांगेल तसा द्यायचा असतो. उघड्यावर कचरा जाळण्याला राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६मध्ये बंदी घातली आणि साध्या जाळण्यालाही ५,००० रुपये दंड ठरवला. पण दंडाच्या भीतीने थांबावे असे मला वाटत नाही. थंडीत सकाळची गार हवा जमिनीलगत अडकून राहते, धूर वर चढत नाही. सात घरांच्या मधोमध पेटवलेला पाला सातही घरांच्या खिडक्यांतून आत येणार, आणि शेजारच्या लहानग्याला बाळदमा आहे.

बेलापूर गावातले आगरी आजोबा सकाळी आमच्याकडे चहाला येतात. तेही ऐकत होते. पूर्वी त्यांच्या शेतावर उन्हाळ्यात राब भाजत. भाताचे रोप जिथे करायचे त्या वाफ्यावर शेण, पालापाचोळा, गवत आणि वर माती असे थर देऊन ते भाजायचे. तणाचे बी मरायचे, राख रोपाला मिळायची. ते म्हणाले, “तो पाला शेतासाठी भाजायचो, पोरी. घरासमोर कचरा म्हणून नाही.” यानंतर जाळण्याचा विषय कुणी काढला नाही.

ठरले ते असे : पाने इथेच कुजवायची, खत सात घरांच्या कुंड्यांना आणि आंब्यांना. महापालिकेच्या गाडीत फक्त नारळाच्या झावळ्या आणि जाड फांद्या.

हा निर्णय आधी झाला हे फार बरे झाले. पाने गाडीत टाकायची असती तर ती भराभर पिशवीत कोंबणारे साधन लागले असते. खत करायचे म्हटल्यावर मागण्या बदलतात. पानांसोबत वाळू-खडे येऊ नयेत, प्लॅस्टिकचा तुकडाही येऊ नये आणि पाने बारीक करता यावीत. दुकानात जाण्याआधी माझ्याजवळ ही यादी आहे, आणि दुकानदार जे पुढे करेल ते मी तिच्यावरच ताडून पाहणार.

२ फेब्रुवारी, रविवार

आज फक्त खराटा.

अंगण झाडायला येणाऱ्या मावशी इतकी वर्षे आखूड खराट्याने वाकून झाडतात. सातही घरांनी ते रोज पाहिले आहे. साधन ज्याच्या हातात राहणार त्याच्या मापाचे हवे, म्हणून पहिला खर्च इथेच केला. नारळाच्या हिरांचे दोन नवे खराटे आणि दोन सरळ बांबू आणले. मावशींना उभे करून माप घेतले : खराट्याचे टोक जमिनीला आणि दांड्याचे वरचे टोक त्यांच्या छाती-हनुवटीच्या मध्ये. दांड्याला पेरांजवळ कानस मारली, म्हणजे तळहाताला कूस लागणार नाही.

बांधणीतली गोष्ट मावशींनीच दाखवली. हीर वाळले की मूठ सैल होते आणि एकेक काडी निसटते. वरून दोरी आवळत बसण्यापेक्षा मुठीच्या मधोमध लाकडाची पाचर ठोकायची. आतून दाब आला की मूठ पुन्हा घट्ट बसते. बांबूचे टोक तासून तेच पाचरीसारखे आत ठोकले, म्हणजे दांडाही बसला आणि मूठही.

झाडून पाहिल्यावर मावशी म्हणाल्या, “ताई, हे बरं झालं. कंबरंला आराम हाय. पण जुना टाकू नगा.” जुना झिजून बोटभर उरलेला खराटा त्यांना पेव्हरच्या फटींसाठी हवा आहे. नव्याचे लांब लवचीक हीर मोठी पाने ढकलतात, झिजलेल्याचे ताठ हीर चिकटलेले खरवडतात. दोन्ही ठेवले. नवा खराटा आणला की जुना फेकायचा नाही, हे भिंतीवरच्या कागदावरही लिहिले.

९ फेब्रुवारी, रविवार

पंजा. हार्डवेअरच्या दुकानात दोन वस्तू समोर येतात आणि त्यांची गल्लत फार होते. एक दंताळे : जाड, ताठ लोखंडी दात. ते वाफा सारखा करायला, ढेकळे फोडायला. पानांसाठी वापरले तर दात मातीत रुततात आणि वरवरची मुळे उचकटतात. दुसरा पंख्यासारखा पसरलेला पंजा, चपट्या पोलादी पट्ट्यांचा, टोके वळवलेली. पट्ट्या वाकून पुन्हा सरळ होतात, त्यामुळे जमीन न उकरता पाने येतात. आपल्याला हा दुसरा हवा.

रुंदी कमी-जास्त होणारा घेतला. पसरला की मोकळ्या मातीवर बदामाची पाने भरभर येतात. एवढे मोठे, जाड पान पट्ट्यांतून निसटत नाही. आवळला की कुंड्यांच्या मधून फिरतो. प्लॅस्टिकचा पंजा स्वस्त होता पण नाकारला. आपल्या उन्हात दोन उन्हाळ्यांत त्याचे दात कडक होऊन तुटतात आणि ते तुकडे खतात जातात.

पेव्हरवर मात्र पंजा चालत नाही. टोके फटींत अडकतात आणि कर्कश आवाज होतो. पंजा मातीवर, खराटा फरशीवर, अशी वाटणी झाली.

२० फेब्रुवारी, गुरुवार

रेन ट्रीची पानगळ सुरू. बारीक पानोळे, करंगळीच्या पेराएवढे. पंजा निरुपयोगी, नवा खराटाही त्यांच्यावरून नुसता सरकतो. फटी भरल्या. झिजलेला खराटा बाहेर काढला.

२३ फेब्रुवारी, रविवार

ब्लोअरचा दिवस. ओळखीच्या एका संगणक दुरुस्तीवाल्याकडून तारेचा छोटा ब्लोअर, ६०० वॅटचा, मागून आणला. मुलांना आनंद झाला, आणि मलाही तो मोकळ्या मनाने पाहायचा होता.

ब्लोअरच्या खोक्यावर दोन आकडे असतात, हवेचा वेग आणि हवेचे आकारमान. वेग चिकटलेले पान उचलतो, आकारमान ढीग पुढे नेते. हे छोटे ब्लोअर यंत्रांतली धूळ उडवण्यासाठी असतात. त्यांचे तोंड अरुंद, वेग चांगला, पण हवा थोडी. फटींतले रेन ट्रीचे पानोळे त्याने झकास निघाले, हे मान्य केले पाहिजे. पण निघाले ते सगळीकडे उडाले. चारही बाजूंनी घरे असलेल्या अंगणात हवेला बाहेर जायला वाट नाही. ती भिंतीवर आपटून परत येते आणि पाने मध्यभागी गोल फिरत राहतात. मोकळ्या मैदानात ब्लोअर जे करतो ते इथे होत नाही.

आणि धूळ. उन्हाच्या तिरिपेत ती स्पष्ट दिसत होती. पाने खाली बसली तरी धूळ बराच वेळ तरंगत राहिली. बाळदम्याच्या मुलाच्या आईने न बोलता खिडकी लावून घेतली.

मोठ्या यंत्रांचाही हिशेब केला. १८ व्होल्ट, ४ अँपिअर-तासांच्या बॅटरीत ७२ वॅट-तास ऊर्जा मावते. यंत्र ४०० वॅट ओढत असेल तर ती ११ मिनिटांच्या आसपास संपते. म्हणजे दुसरी बॅटरी हवी, आणि दोन बॅटऱ्यांची किंमत यंत्राच्या जवळ जाते. पेट्रोलचा दोन-स्ट्रोक ब्लोअर ताकदवान असतो, पण त्यात तेल मिसळलेले इंधन जळते आणि त्यातले काही न जळताच बाहेर पडते. चालवणाऱ्याच्या कानाशी आवाज ९० ते १०० डेसिबलच्या घरात जातो. निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे, ध्वनिप्रदूषणाच्या २०००च्या नियमांप्रमाणे.

लांब डांबरी रस्ते आणि मोठे लॉन असलेल्या संस्थेने बॅटरीचा ब्लोअर घ्यावा, तिथे तो माणसांचे श्रम खरोखर वाचवतो. आठ मीटरच्या बंदिस्त चौकात नको. मुलांना निकाल पटला का ते ठाऊक नाही, पण यंत्र त्यांनीच परत पोचवले.

२ मार्च, रविवार

बारीक पानोळ्यांवर उपाय जमला. झाडण्याआधी हाताने हलका सडा घालायचा आणि दहा मिनिटे थांबायचे. धूळ बसते, पण पाने लगदा होण्याइतकी भिजत नाहीत. मग झिजलेला खराटा फटीच्या रेषेने, आडवा नाही. बादलीभर पाण्यात सबंध चौक होतो.

उचलायला घमेले नको. पाचोळ्याला वजन नसते, आकार असतो, आणि घमेले दोन ओंजळींत भरते. २ मीटर लांब-रुंद ताडपत्री पसरून पाने तिच्यावर ओढायची, चार टोके धरायची आणि फरफटत न्यायची. हाताने उचलण्याऐवजी प्लायवूडचे दोन चौकोनी तुकडे, मागे मूठ ठोकून. रात्रभर पडलेल्या ढिगात आधी दांडा घालून हलवायचे, मग वाकायचे. हा नियम मुलांकडून पाठ करून घेतला.

९ मार्च, रविवार

पाने बारीक करणे. मला वाटते सगळ्या कामात खरा पैसा इथे घालावा. अख्खे बदामाचे पान ढिगात एकावर एक चिकटून बसते, मधे ना हवा जाते ना पाणी, आणि कित्येक महिने तसेच राहते. आंब्याचे पान तर चामड्यासारखे. तुकडे केले की बुरशी आणि जिवाणूंना शिरायला कडा मिळतात.

माळीदादांनी एक युक्ती सांगितली : पिंपात पाने भरायची आणि ग्रास कटर आत फिरवायचा. काम झटपट होते. पण कटरची नायलॉनची दोरी झिजते, ते झिजलेले नायलॉन पानांतच राहते आणि खतातून मातीत जाते. नाकारले.

विजेवरचा, पोलादी पात्यांचा श्रेडर पाहिला. २,००० वॅटचा म्हणजे २३० व्होल्टवर साधारण ९ अँपिअर. ६ अँपिअरच्या साध्या पॉइंटवर लावायचा नाही, १६ अँपिअरचा हवा. सात घरांना महाग वाटला, म्हणून शेजारच्या दोन चौकांशी बोललो. २१ घरांत किंमत वाटली तर कुणालाच जड नाही. मोठ्या मोकळ्या जागेत शनिवारी फिरवायचा. श्रेडर एरवी वर्षभर झाकूनच राहणार, तो एकट्याने घेण्यात अर्थ नाही.

तो येईपर्यंत गोणपाट. दुपारी पाने कडकडीत वाळलेली असताना पोत्यात भरून तोंड बांधायचे आणि मुलांनी वर नाचायचे. रेन ट्री आणि बदाम चुरतात, बदामाची मधली शीर उरते. आंबा दाद देत नाही.

१३ मार्च, गुरुवार

होळी. थोडा पाला होळीला द्या, असा निरोप आला. दिला नाही, नारळाच्या दोन वाळक्या झावळ्या दिल्या.

२३ मार्च, रविवार

अंगणात वाळवण सुरू झाले. बाजांवर कुरडया, साबुदाण्याच्या पापड्या. झाडणे आता वाळवण बाहेर येण्याआधी, साडेसातच्या आत. मावशींची पहिली फेरी आमच्याकडे ठेवली, त्यासाठी दुसऱ्या दोन घरांनी आपली वेळ पुढे ढकलली.

६ एप्रिल, रविवार

श्रेडर चालला. आंब्याची पानेही बारीक झाली. ओली पाने घातली की तोंड चोंदते, म्हणून फक्त वाळलेली. चालवणाऱ्याने चष्मा घालायचा, ओढणी किंवा सैल बाही नको, आणि चोंदले तर आधी प्लग काढायचा.

खताचे कुंपण : जस्ताची जाळी, १.२ मीटर उंच, गोल वळवून व्यास १ मीटर. त्यासाठी सव्वातीन मीटर जाळी लागली. जवळपास एक घनमीटर पाला मावतो. याहून लहान ढीग आपली ऊब धरून ठेवत नाही. वाळक्या पानांत कार्बन फार, नायट्रोजन कमी, साधारण ५०-६०ला एक. कुजण्यासाठी २५-३०ला एक बरे, म्हणून पाल्याच्या दर वीतभर थरावर सात घरांची भाजीची देठे-साले आणि शेणकाला. ओल तपासायची ती मुठीत दाबून : हात ओला व्हावा, पण थेंब गळू नये.

१३ एप्रिल, रविवार

ढिगात सळई खुपसून ठेवली होती. पाच मिनिटांनी काढली तर टोक हातात धरवेना. मुले रांगेने हात लावून गेली. मला फार आनंद झाला.

७ मे, बुधवार

काल संध्याकाळी वादळी वारा आणि अवकाळी पाऊस. कौलांवर रेन ट्रीच्या काटक्या, पन्हळी भरल्या. पन्हळीसाठी वेगळे हत्यार करावे लागले : अर्ध्या चिरलेल्या पीव्हीसी पाइपचा वीतभर तुकडा बांबूच्या टोकाला आडवा बांधला. जमिनीवरून ओढता येते, शिडी लागत नाही. कौलांवर कुणीही चढायचे नाही. पन्हळीच्या उतरत्या तोंडाला तारेच्या जाळीचा घुमट बसवला. चपटी जाळी एका बदामाच्या पानाने बंद होते, घुमटाच्या बाजू उघड्या राहतात.

२७ मे, मंगळवार

काल मान्सून मुंबईत आला. एरवी ११ जूनच्या सुमारास येतो, हवामान खात्याच्या नोंदींत इतक्या लवकर तो आधी कधीच आला नव्हता. पन्हळी आधीच साफ झाल्या होत्या, पाणी सरळ खाली आले. खताच्या ढिगावर ताडपत्री टाकली, नाहीतर सगळा कस धुऊन गटारात जाईल. कडेने हवा खेळती राहील अशी, विटांवर उचलून.

गटाराच्या जाळीवर मावशींचा झिजलेला खराटा अजून रोज लागतो.

८ जून, रविवार

पावसाळ्याची बांधाबांध. पंज्याच्या पट्ट्या पुसून खोबरेल तेलाचा हात दिला. खराटे दांडा खाली करून टांगले, हीर जमिनीला टेकले तर बुरशी धरतात. श्रेडरची पाती उघडून पुसली, पुढच्या खेपेला धार लावून घ्यायची. ढीग बसून निम्म्याखाली आला आहे. खालचा थर काळा झाला, बदामाच्या शिरा अजून ओळखू येतात. त्या चाळून पुन्हा वर टाकायच्या.

बदाम वर्षातून दोनदा गळतो, तेव्हा दुसरी फेरी पावसातच येणार. ओली पाने श्रेडरमध्ये जाणार नाहीत. ती वाळवायला मधल्या घराच्या पडवीत जागा मागितली आहे. काकू हो म्हणाल्या, फक्त झोपाळ्याची बाजू सोडा म्हणाल्या.